घरच्या संगणकावरील देखरेखीचा इतिहास : आसनगाव-शहापूरच्या संदर्भात

मुंबईहून कल्याणमार्गे कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, वासिंद आणि आटगाव या दोन ठाण्यांच्या मध्ये, माहुलीच्या सुळक्यांच्या नजरेच्या टप्प्यात वसलेले आसनगाव हे शहापूर तालुक्याचे प्रवेशद्वार होय. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली गाडी १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्यास गेली, १८६१ मध्ये रूळ कसाऱ्यास पोचले, १८६५ मध्ये ते थळघाट चढून इगतपुरीस गेले. आणि तेव्हापासून या पंचक्रोशीत जी जी नवी वस्तू आली, मग ते शिवणयंत्र असो, रेडिओ असो वा दूरचित्रवाणीचा संच, ती बहुधा याच मार्गाने आली. गृहसंगणकही त्यास अपवाद ठरला नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जुळवून घ्यावयाचे, ज्यास लोक सरसकट ‘सीपीयू’ म्हणतात तो पेटारा आणि काचेचा अवजड मॉनिटर दोरीने बांधून कसारा लोकलच्या मालडब्यात चढवावयाचा, आणि आसनगावास उतरून रिक्षाने शहापूर, वाफे, गोठेघर किंवा त्याहून आतल्या खेड्याकडे न्यावयाचा, हा क्रम चालू शतकाच्या पहिल्या दशकात कित्येक घरांनी अनुभवलेला आहे.

या आगमनास शासकीय धोरणाचे बळ लाभले होते. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ मध्ये स्थापन झाले आणि त्याच वर्षी ‘एमएस-सीआयटी’ हा संगणकसाक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला. शासकीय नोकरीसाठी ही अर्हता ग्राह्य ठरल्यामुळे तालुक्याच्या गावी संगणकवर्ग उभे राहिले, आणि शिक्षक, ग्रामसेवक, रेल्वेचे कर्मचारी यांच्या घरी, पुढे त्यांच्या शेजाऱ्यांच्याही घरी, भरतकाम केलेल्या आच्छादनाखाली एक संगणक विराजमान झाला. या वर्गांनी पत्र लिहिणे, कोष्टक मांडणे, चित्र काढणे आणि इंटरनेटवर शोध घेणे या विद्या उत्तम रीतीने शिकवल्या, याबद्दल ग्रामीण ठाणे जिल्ह्याने त्यांचे ऋण मानावयास हवे. परंतु संगणक या क्षणी आपल्या आत कोणकोणती कामे करीत आहे, ती कोणाच्या हुकमाने सुरू झाली आणि त्यांतील कोणते काम बिनहुकमी आहे, हे पाहण्याची विद्या मात्र बहुतेक घरांच्या उंबऱ्याबाहेरच राहिली. ज्या साधनांनी हे पाहता येते ती बहुतांशी विनामूल्य असताना असे का घडले, आणि त्यांतून निवड कोणत्या कसोटीवर करावी, याचा विचार त्या साधनांचा पूर्वेतिहास पाहिल्याखेरीज नीट होत नाही.

संगणकाच्या आरंभकाळी हा प्रश्नच नव्हता. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने सुमारे २,७०० निर्वात नलिकांचा जो संगणक १९६० मध्ये पूर्ण केला आणि ज्याचे १९६२ मध्ये ‘टिफ्रॅक’ असे नामकरण झाले, तो एका वेळी एकच काम करी. त्यापुढे बसलेल्या शास्त्रज्ञास आपले काम चालू आहे की थांबले आहे, एवढेच जाणून घ्यावयाचे असे. प्रश्न उत्पन्न झाला तो यंत्राचा वेळ अनेकांत वाटून देण्याची कल्पना आली तेव्हा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये अशी कालविभाजनाची प्रणाली चालवून दाखवली, आणि तेव्हापासून एकाच यंत्रावर अनेक प्रक्रिया, म्हणजे चालू असलेली कामे, आळीपाळीने क्षणाक्षणाचा ताबा घेऊ लागल्या. एकाच रुळावरून मेल, मालगाडी आणि लोकल सोडावयाच्या असतील, तर कोणती गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली आणि पुढचा टप्पा कोणासाठी मोकळा आहे, याची नोंदवही ठाण्यावर ठेवावीच लागते. तद्वत् प्रक्रिया अनेक झाल्या त्या दिवशी त्यांच्या नोंदवहीची निकड निर्माण झाली.

ती नोंदवही सामान्य वापरकर्त्याच्या हाती आली युनिक्स या प्रणालीत. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये आरंभ केलेल्या या प्रणालीत १९७३ च्या सुमारास ‘पीएस’ नावाची दोन अक्षरांची आज्ञा दाखल झाली, आणि ती देताच त्या क्षणी चालू असलेल्या प्रक्रियांची फर्द पडद्यावर उमटू लागली. तथापि ही फर्द एका क्षणाची. पुढच्या क्षणी ती शिळी होई. ही उणीव १९८४ मध्ये विल्यम लफेव्हर यांनी ‘टॉप’ नावाची उपयुक्तिका लिहून दूर केली. ठराविक सेकंदांनी यादी पुनःपुन्हा काढावयाची आणि यंत्राचा सर्वाधिक वेळ खाणाऱ्या प्रक्रियेस वर मांडावयाचे, ही त्यांची योजना इतकी स्वाभाविक ठरली की आजही या प्रकारची बहुतेक साधने तिचेच अनुकरण करतात. त्याच वर्षी टॉम किलियन यांनी युनिक्सच्या आठव्या आवृत्तीत प्रत्येक प्रक्रियेस एक फाइल कल्पून ती ‘प्रोक’ या दप्तरात ठेवण्याची रीत मांडली. पुढे लिनक्सने ती विस्तारली. तेथे प्रत्येक प्रक्रियेच्या क्रमांकाचे एक फोल्डर दिसते, त्यात तिचे नाव, तिची जन्मदात्री प्रक्रिया, तिने व्यापलेली स्मृती असा सारा तपशील साध्या अक्षरांत वाचता येतो. मात्र यांतील एकही फाइल डिस्कवर लिहिलेली नसते, मागणी करताच प्रणाली ती तत्क्षणी रचून देते. हे तपशीलवार सांगण्याचे कारण इतकेच की देखरेखीची साधने कोणतीही गूढ विद्या बाळगून नसतात: प्रणालीने आधीच मांडून ठेवलेला हिशेब ती वाचतात, काही क्षणांनी पुन्हा वाचतात, आणि दोन वाचनांतील फरकावरून शेकडेवारी काढतात.

घरगुती संगणकाचा प्रवास मात्र निराळ्या वाटेने झाला. ‘डॉस’च्या काळात एका वेळी एकच कार्यक्रम चाले, १९९० च्या विंडोजमध्ये चालू कार्यक्रमांची एक लहानशी यादी आली, विंडोज ९५ मध्ये कंट्रोल, आल्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबल्या की कार्यक्रम बंद करण्याची चौकट उघडे. खरा ‘टास्क मॅनेजर’ प्रकटला तो १९९६ मध्ये विंडोज एनटीच्या चौथ्या आवृत्तीत. मायक्रोसॉफ्टमधील डेव्ह प्लमर यांनी तो लिहिला, आणि एनटी ही प्रणाली कचेऱ्यांसाठी असल्यामुळे घराघरांत तो पोचला २००१ मध्ये, विंडोज एक्सपीच्या द्वारे. म्हणजे ज्या वर्षी महाराष्ट्रात सामान्य माणसाच्या संगणकशिक्षणास आरंभ झाला, त्याच वर्षी सामान्य माणसाच्या संगणकावर देखरेखीचे साधन आले. दोहोंची गाठ मात्र पडली नाही, आणि त्यामुळे हे साधन पाहूनही न पाहिल्यासारखे राहिले.

ही गाठ न पडल्याचे परिणाम मी आमच्या गावी फार जवळून पाहिले. संगणक हँग होऊ लागला की चाणाक्ष मुले टास्क मॅनेजर उघडीत, आणि ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ या नावापुढे ९७ किंवा ९८ हा आकडा पाहून यंत्राचा सारा प्राण हीच प्रक्रिया शोषून घेत आहे, अशा समजुतीने ती बंद करण्याचा निष्फळ प्रयत्न करीत. वस्तुतः तो आकडा यंत्राच्या रिकामपणाचा. प्रोसेसरला काहीही काम नसते तेव्हा तो वेळ या नावावर जमा धरला जातो, आणि तो मोठा असणे हे स्वास्थ्याचे लक्षण होय. ‘एसव्हीसी-होस्ट’ हे नाव यादीत पाचसहा वेळा दिसे, तेव्हा हा व्हायरसच असणार, असा निकाल तत्काळ दिला जाई. प्रत्यक्षात विंडोजच्या अनेक सेवा या एकाच नावाच्या छत्राखाली चालतात, आणि टास्क मॅनेजरच्या मूळ चौकटीत त्यांचा पोटभेद दिसत नाही, एवढेच त्याचे कारण होते. त्याच चौकटीत ‘पीएफ यूसेज’ असे शीर्षक देऊन दाखवलेला आकडा हा डिस्कवरील पेज-फाइलच्या प्रत्यक्ष वापराचा नसून प्रणालीने प्रक्रियांना देऊ केलेल्या एकंदर स्मृतीचा होता, हे तर जाणकारांनाही उशिरा कळले. नोंदवही हाती असणे आणि ती वाचता येणे यांत केवढे अंतर असते, याचा हा पुरावा आहे.

याच काळात संकट आले ते पेनड्राइव्हच्या रूपाने. तालुक्याच्या गावातील झेरॉक्सचे दुकान, फोटो स्टुडिओ, संगणकवर्ग आणि घर या चार ठिकाणी एकच पेनड्राइव्ह फिरे. इंटरनेटची जोडणी दूरध्वनीच्या तारेवरून, तीही भारनियमनातून उरलेल्या तासांत, मिळत असल्यामुळे व्हायरसरोधक प्रणाली अद्ययावत राहात नसत. आणि पेनड्राइव्ह लावताच त्यावरील कार्यक्रम आपोआप चालू करण्याची ‘ऑटोरन’ ही विंडोजची सोय उपद्रवी कार्यक्रमांना राजमार्ग ठरली. फोल्डरचे पिवळे चित्र धारण करून बसलेली एक फाइल कोणीतरी निःशंकपणे उघडी, आणि त्यानंतर तीन कळा दाबल्या की टास्क मॅनेजरच्या जागी एक सूचना येई: हे साधन आपल्या प्रशासकाने बंद केलेले आहे. ज्याने स्वतःच्या भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढून ते यंत्र घरी आणले, त्यालाच त्याचे यंत्र सांगत होते की तुझ्यावर कोणी अन्य अंमलदार आहे. दुकानदार यावर एकच तोडगा जाणत, ‘फॉरमॅट मारणे’. आणि त्या एका क्रियेत लग्नाची छायाचित्रे, मुलांचे प्रकल्प, कर्जाच्या अर्जांचे मसुदे असे कुटुंबाचे अवघे दप्तर कायमचे नष्ट होई. मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्हसाठी ही स्वयंचलित सोय २००९ मध्ये विंडोज ७ मध्ये बंद केली आणि जुन्या प्रणालींसाठी २०११ मध्ये. तोवर व्हावयाचे ते नुकसान होऊन गेले होते.

या संकटाशी झुंजण्याची महाराष्ट्राची स्वतःची परंपराही आहे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या व्यवसायापासून आरंभ केलेले कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय काटकर यांनी १९९३ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेतून ‘क्विक हील’ ही व्हायरसरोधक प्रणाली निर्माण झाली आणि गावोगावच्या दुकानांतून तिच्या पेट्या विकल्या गेल्या. परंतु व्हायरसरोधक प्रणाली ही पहारेकऱ्यासारखी ओळखीच्या चोरांना अडवते; अनोळखी इसम घरात शिरल्यावर तो काय करीत आहे हे पाहण्यास घरधन्याचे स्वतःचेच डोळे उघडे लागतात. ते डोळे दिले मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोन अमेरिकी तंत्रज्ञांनी. त्यांनी १९९६ पासून पुढे ‘सिसइंटर्नल्स’ या नावाने ज्या उपयुक्तिका विनामूल्य प्रसृत केल्या, त्यांत ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ ही सर्वश्रेष्ठ. ती संगणकावर बसवावी लागत नसे. दीडदोन मेगाबाइटांची ती गठडी डायल-अपवरही काही मिनिटांत उतरे आणि पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावे. म्हणजे ज्या वाटेने रोग येई त्याच वाटेने औषधही नेता येई. टास्क मॅनेजरवरील बंदी तिला लागू पडत नसे, आणि एखादा धूर्त व्हायरस तिच्या नावावर टपून बसलेला असेल, तर फाइलचे नाव बदलून ती चालवली की पुष्कळदा काम भागे.

ही उपयुक्तिका प्रथम उघडून पाहणाऱ्यास जो उलगडा होई तो विलक्षण होता. येथे प्रक्रिया एकाखाली एक मांडलेल्या नसून वंशवृक्षाप्रमाणे जनक आणि अपत्य अशा नात्याने मांडलेल्या असत. नव्याने जन्मलेली प्रक्रिया क्षणभर हिरवी दिसे, संपणारी लाल होऊन नाहीशी होई, आणि विंडोजच्या सेवा गुलाबी रंगाने वेगळ्या दिसत. एसव्हीसी-होस्टवर माउस स्थिरावला की त्याच्या पोटातील सेवांची नावे उघड होत. आणि सर्वांत मोलाचे असे की प्रत्येक प्रक्रियेची मूळ फाइल डिस्कवर कोठे आहे आणि तिच्यावर कोणत्या कंपनीची स्वाक्षरी आहे, हे येथे पाहता येई. विंडोजच्या ‘सिस्टिम ३२’ या फोल्डरात असावयास हवी ती प्रक्रिया एखाद्या भलत्याच फोल्डरातून चालत असली, की तोतयाचे बिंग तेथेच फुटे. पडद्यावर एखादी चौकट वारंवार उगवत असेल, तर वरच्या पट्टीतील नेमाचे चिन्ह ओढून त्या चौकटीवर सोडावयाचे, की ती कोणाची हे तत्काळ कळे.

या निरीक्षणाचे सामर्थ्य जगास पटले ते २००५ च्या ऑक्टोबरअखेरीस. स्वतःच्या संगणकाची तपासणी करताना रुसिनोविच यांस आढळले की सोनी बीएमजी या कंपनीच्या एका संगीत-सीडीने नकलेस प्रतिबंध करण्याच्या मिषाने त्यांच्या यंत्रात एक कार्यक्रम दडवून ठेवला असून तो विशिष्ट अक्षरांनी आरंभ होणाऱ्या सर्व फाइली आणि प्रक्रिया प्रणालीच्या यादीतूनच अदृश्य करतो. त्यांनी हे सप्रमाण प्रसिद्ध केले, गदारोळ उठला, आणि कंपनीस पुढच्याच महिन्यात त्या सीडी बाजारातून परत घ्याव्या लागल्या. घरच्या यंत्रात परक्या सत्तेने चोरपावलांनी शिरकाव करावा आणि धन्यास ते कळूही नये, ही भीती काल्पनिक नव्हे हे त्या प्रकरणाने सिद्ध केले. आणि त्याचबरोबर हेही की एका सजग माणसापाशी योग्य साधन असेल तर तो बलाढ्य संस्थेसही जाब विचारू शकतो. मायक्रोसॉफ्टने जुलै २००६ मध्ये या साधनांची कंपनीच विकत घेतली, पण साधने विनामूल्यच राहिली. २०१४ मध्ये प्रोसेस एक्सप्लोररला ‘व्हायरसटोटल’ या सेवेची जोड मिळाली आणि संशयित प्रक्रियेबद्दल अनेक व्हायरसरोधक प्रणालींचे मत एकाच वेळी घेता येऊ लागले.

या साधनांचे आणखी एक घराणे आहे, ज्यात केवळ वापर विनामूल्य नसून मूळ आज्ञावलीही वाचनास खुली असते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये आरंभिलेल्या चळवळीचा हा वारसा. ब्राझीलच्या हिशाम मुहम्मद यांनी २००४ मध्ये लिहिलेले ‘एचटॉप’ हे जुन्या टॉपचे रंगीत आणि सुबोध रूप. विंडोजसाठी ‘प्रोसेस हॅकर’, जे २०२२ पासून ‘सिस्टिम इन्फॉर्मर’ या नावाने ओळखले जाते, तेही याच कुळातले. आपल्याकडे सी-डॅकने ‘बॉस’ ही लिनक्स-प्रणाली भारतीय भाषांतून, मराठीसह, उपलब्ध करून दिली. रॅम अपुरी पडल्यामुळे एक्सपीखाली मेटाकुटीस आलेली जुनी यंत्रे हलक्या लिनक्सवर पुन्हा काम देऊ लागल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत, आणि अशा यंत्राच्या धन्यास एचटॉप हा उत्तम सोबती होय.

मात्र विनामूल्य म्हणून जे जे पुढे येते ते ते स्वीकारावे, असा याचा अर्थ नव्हे. संगणकाची गती दुप्पट करण्याचे अभिवचन देणारी, उघडताच शेकडो ‘दोष’ मोजून भय दाखवणारी आणि निवारणासाठी पैसे मागणारी साधनेही मोफतच मिळत. शहापूरच्या पंचक्रोशीतील कित्येक संगणकांवर मी अशी साधने एकावर एक रचलेली पाहिली, आणि यंत्र मंद होण्याचे प्रमुख कारण तीच असत. नामांकित साधनही निर्धोक असतेच असे नाही. ‘सीक्लीनर’ या लोकप्रिय सफाई-साधनाच्या एका आवृत्तीत २०१७ मध्ये घुसखोरांनी आपली आज्ञावली मिसळली, आणि कंपनीची अधिकृत स्वाक्षरी असतानाही ती बाधित प्रत वीस लाखांहून अधिक संगणकांवर पोचली.

तेव्हा निवडीच्या कसोट्या या इतिहासातूनच निष्पन्न होतात. प्रथम, प्रणालीसोबत आलेले साधन नीट वाचावयास शिकावे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, टास्क मॅनेजर पुष्कळ सुधारला आहे, संगणकासोबत आपोआप सुरू होणाऱ्या कार्यक्रमांची यादीही त्यात आली आहे, आणि सामान्य घरास तो बहुधा पुरतो. दुसरे, त्याहून खोल पाहावयाचे झाल्यास प्रक्रियेची वंशावळ, तिच्या फाइलचा पत्ता आणि तिच्यावरील स्वाक्षरी या तीन गोष्टी दाखवील असेच साधन घ्यावे, आणि ते कर्त्याच्या मूळ स्थानावरूनच उतरवून घ्यावे. तिसरे, निरीक्षण करणारे साधन स्वतः यंत्राचा किती वेळ आणि किती स्मृती घेते हे त्याच्याच यादीत पाहावे, कारण जे साधन स्वतःचा हिशेब लपवते ते इतरांचा हिशेब प्रामाणिकपणे देईल यावर भरवसा ठेवता येत नाही. चौथे, जे साधन केवळ दाखवते ते, आपण होऊन दुरुस्ती करू पाहणाऱ्या साधनापेक्षा, घरच्या माणसाच्या अधिक हिताचे समजावे. आणि अखेरचे, यंत्र निरोगी असतानाच त्याच्या प्रक्रियांची यादी एकदा पाहून, शक्य तर कागदावर उतरवून ठेवावी. नित्याचे काय हे ज्यास ठाऊक नाही त्यास अनित्य ओळखता येत नाही.

आज आसनगावच्या घरांत जुने पेटारे उरले नाहीत. लॅपटॉप आले, आणि मोबाइल तर हातोहाती आहे. पण ज्या फोनवर आता सातबारा पाहिला जातो आणि बँकेचे व्यवहार होतात, त्याच्याही आत असंख्य प्रक्रिया अहर्निश चालू असतात, आणि त्यांची यादी घरधन्यास पूर्णपणे दाखवण्यास ती यंत्रे संगणकाहून कितीतरी अधिक कृपण आहेत. म्हणून मला कळकळीने असे वाटते की संगणकसाक्षरतेच्या प्रत्येक वर्गात, अगदी पहिल्या आठवड्यात, विद्यार्थ्यास प्रक्रियांची यादी उघडून तिचे वाचन करण्यास शिकवावे. लफेव्हर, रुसिनोविच, मुहम्मद यांच्यासारख्यांनी आपले श्रम जगास विनामूल्य दिले ते यासाठीच की यंत्राचा धनी आणि यंत्राचा जाणता हे दोन निरनिराळे इसम राहू नयेत. ज्या तालुक्याने पोटाला चिमटा काढून संगणक विकत घेतला, त्याला त्याच्या अंतरंगाचा हा हिशेबही वाचता आला पाहिजे. तो त्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही.